वेणूची नखं

थंडी पडली की शरदिनीबाईंच्या मनात एकच गोष्ट घोळायला लागे: मुलाची, वेणूची नखं फुटली असतील. शाळेत मुलींना शिकवताना, स्वयंपाक करताना, गंगेवरचं धुकं भोसले घाटाच्या पायऱ्या चढून वर येई तेव्हा, त्याच्या डाव्या हाताची बोटं त्यांच्या डोळ्यांपुढे येत. सारंगीची तार बोटाच्या टोकानं दाबत नाहीत, नखाच्या मुळाशी दाबतात. वर्षानुवर्षं घासून तिथं खाच पडते आणि हिवाळ्यात ती उलते, रक्त येतं. घरी होता तोवर त्या कोमट तूप लावून द्यायच्या. लखनौला कोण लावणार?

वेणीमाधव हा यज्ञेश्वरशास्त्री पाध्यांचा मुलगा. शास्त्रीबुवा न्यायशास्त्र शिकवत, आणि मुलानंही तेच करावं यात कुणाला शंका नव्हती. पण होळीनंतर गंगेत नावांवर गाण्याच्या मैफली होत, तिथं सगळे गाणारीकडे बघत असताना हा पोरगा तिच्या मागे सारंगी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघत बसला. दुसऱ्या दिवशी विचारत विचारत कबीरचौऱ्याला त्याच्या घरी जाऊन पोचला. म्हाताऱ्याचं नाव गंगा मिसिर. त्यानं मुलाचा हात उलटा करून नखं पाहिली आणि म्हणाला, "पंडितजी का लड़का है, रोएगा बहुत." तरी शिकवायला घेतला.

शास्त्रीबुवांनी आरडाओरड केली नाही. एवढंच म्हणाले की सारंगीची तार बकऱ्याच्या आतड्याची, वर कातडं मढवलेलं, ती सोवळ्याच्या घरात येणार नाही. म्हणून सारंगी मुन्शी घाटावर एका नावाड्याच्या खोलीत राहिली. वेणू तिथं रियाज करी, गंगेत बुडी मारी आणि ओलेत्यानं घरी येई, जणू कुणाला पोचवून आला आहे. शरदिनीबाई दारात धोतर घेऊन उभ्या असत. बी. ए. झालेली बाई, वर्गात मुलींना कलेची थोरवी सांगणारी. पण कुणी विचारलं तर मुलगा संगीत शिकतो, इतकंच म्हणायची. कोणतं वाद्य, ते ओठांवर येत नसे.

पुढे गंगा मिसिरांबरोबर वेणू दालमंडीत गाणाऱ्या बायकांच्या कोठ्यांवर साथीला जाऊ लागला. सारंगियाचं पोट तिथंच भरत होतं. शेजारच्या वकिलांची बायको प्रेमलावहिनी हळदीकुंकवाला सगळ्यांदेखत गोड आवाजात म्हणाल्या, "काय हो शरदिनी, वेणू हल्ली कुणाच्या पाठीमागे बसतो?" बायका हसल्या. शरदिनीबाईही हसल्या, आणि ते हसू त्यांना पुढे कितीतरी वर्षं टोचत राहिलं.

लखनौच्या रेडिओवर त्याला नोकरी लागली तेव्हा त्यांना हायसं वाटलं. गाव तरी सुटलं. निघताना त्याच्या हातात दशम्यांचा डबा देत त्या म्हणाल्या, "तिथं आडनाव सांगू नकोस हं." वेणूनं वाकून नमस्कार केला. तेव्हापासून रेडिओवर पाध्ये हे नाव कधी आलं नाही. नुसतं 'सारंगी पर वेणीमाधव'.

यंदा बकुळचं, त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरायला आलं. मुलाचे वडील दत्तात्रेयपंत रामनगरचे वैद्य. ते मुलगी बघायला आले तेव्हा वेणू सुट्टी घेऊन आला होता. शरदिनीबाईंनी त्याला पाहुण्यांच्या पंगतीत बसवायचं ठरवलं. जेवताना डावा हात मांडीवरच असतो, दिसणार नाही. पण वाढायला माणूस कमी पडलं आणि वेणू वरणाचं पातेलं घेऊन उठला. पातेलं डाव्या हातात. वैद्यांची नजर नेमकी नखांवर पडली.

"हे काय झालं हो हाताला?"

वेणूनं तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघराच्या दारातून शरदिनीबाई म्हणाल्या, "छापखान्यात आहे ना तो. अक्षरांचे खिळे जुळवावे लागतात."

वेणूनं आईकडे पाहिलं. मग खाली बघून वैद्यांना म्हणाला, "हो. खिळ्यांचंच काम. वाढू थोडं?"

लग्न ठरलं. वेणू दुसऱ्याच दिवशी गेला. जाताना तूप लावायला हातसुद्धा पुढे केला नाही. मग निरोप आला, माघात रेडिओवर काम फार आहे, लग्नाला जमणार नाही. आईला पेचातून सोडवण्यासाठीच तो येत नव्हता, हे त्यांना कळलं, आणि कळूनही आधी सुटल्यासारखंच वाटलं. लाजाहोमाला भावानं बहिणीच्या ओंजळीत दोन्ही हातांनी लाह्या घालायच्या, मग नवऱ्या मुलाचा कान पिळायचा. सगळा मांडव त्या हातांकडे बघणार. त्यांनी बकुळला सांगून टाकलं, चुलतभाऊ विष्णु लाह्या घालेल.

"विष्णु? त्याचा कान मी लहानपणापासून पिळत आलेय. तो काय माझ्या नवऱ्याचा पिळणार," बकुळ म्हणाली. हसली नाही. "दादा नसेल तर माझी ओंजळ रिकामी राहू दे, आई."

त्याच आठवड्यात रामनगरहून नावेनं एक मातीची कुपी आली. वैद्यांनी स्वतः खलून मलम पाठवलं होतं, छापखान्यातल्या मुलासाठी. गार हवेत बोटं फार ठणकत असतील, असा निरोप होता. शरदिनीबाईंनी झाकण उघडलं. तुपाचाच वास. ज्या माणसापासून मुलाचे हात लपवले, त्यालाच त्या हातांची कळ कळली होती. ती कुपी लखनौला कुठल्या तोंडानं पाठवायची? आणि वैद्यांना खरं सांगितलं तर लग्न मोडेल का, तेही कोण जाणे.

शास्त्रीबुवा पोथीतून मान वर न करता म्हणाले, "लाह्या वेणूच घालेल. वैद्यांकडे मी जातो."

वेणूला बोलवायचं तर टेलिफोन करावा लागणार, आणि तो गल्लीत एकाच घरी होता, वकिलांच्या बैठकीत. प्रेमलावहिनी तिथंच सुपारी कातरत बसलेल्या असत. लढाईच्या दिवसांत लखनौ सहजी लागत नसे. ओरडून बोलावं लागे, आणि पलीकडचा माणूस आधी विचारी, कोणाला बोलवायचं, काय काम करतो, तुम्ही कोण.

शरदिनीबाईंनी पदर सारखा केला, कुपी मुठीत घेतली. घरातच एकदा हलक्या आवाजात म्हणून पाहिलं, "वेणीमाधव पाध्ये. सारंगी बजाते हैं. मैं उनकी माँ." मग थोडं मोठ्यानं. वकिलांकडे याहून मोठ्यानं म्हणावं लागणार होतं. त्यांनी चपला पायात घातल्या.