मी घेतलेली फार्मसीची तोंडी परीक्षा

माझी ही फजिती मीच सांगून टाकतो. आमच्या कोमलच्या तोंडून ऐकाल तर ती वर चार मिरच्या जास्तीच्या टाकेल.

कोमल माझी नात. आम्ही नाशिक रोडला राहतो, ती फार्मसी शिकते. तोंडी परीक्षेत एकदा नापास झालेली. या खेपेला पास झाली तर सिन्नरला एका मेडिकलवर नोकरी ठरलेली, नाहीतर वर्ष वाया. म्हणून पोरगी घरभर येरझारा घालत पुटपुटायची. तिच्यापायी माझा जीव वरखाली! दोन घोट चहा सुखानं जाईल तर शपथ!

शेवटी तिनं माझ्या हातात एक वही दिली. डॉक्टर लोक चिठ्ठीवर काय काय अक्षरं खरडतात ना, त्यांचे अर्थ तिच्यात लिहिलेले. तेही इंग्रजीत.

“आबा, मी म्हणून दाखवते, तुम्ही वहीत बघून बरोबर का चूक ते सांगा. वाचता येईल ना?”

आता मी चौथीत शाळा सोडून पिठाच्या गिरणीत बसलेला माणूस. मला कुठलं इंग्रजी? पण समोर सून भाजी निवडत होती. सुनेदेखत नाही म्हणू?

“मला काय अडाणी समजलीस? चल, बोल!”

झालं! डोळे मिटून, फेऱ्या मारत ती सुरू झाली. “बीडी म्हणजे दिवसातून दोनदा. टीडीएस म्हणजे तीनदा.”

मी काय करायचो, वहीत डोकं घालायचं आणि कान तिच्याकडे. अडखळली की “चूक!” धाडकन बोलली की “बरोबर!” सोपं की नाही? आणि गंमत बघा, “चूक” म्हटलं की पोरगी विचार करून खरंच दुसरं सांगायची. मलाही वाटायला लागलं, आपल्याला येतंय!

चार दिवसांत तिच्या तीन मैत्रिणी आल्या. मग काय विचारता! खुर्चीत बसून मी काठी आपटायचो. “मोठ्यानं! ज्याला ठाऊक असतं तो पुटपुटत नाही!”

“आबा लय कडक हाय,” त्यातली प्रियंका कुजबुजायची. मी मनातून खूश.

परीक्षेच्या दिवशी सकाळपासून मी फाटकापाशी. आत जा, बाहेर ये, आत जा, बाहेर ये. सून म्हणाली, “बसा की जरा!” बसतो कशाला?

दुपारी एकला चौघी पांढऱ्या कोटात आल्या. तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी.

“आबा, एसी म्हणजे काय?” कोमल फाटकातूनच.

“तूच सांगायचीस ना, जेवणानंतर.”

“जेवणाआधी! पीसी म्हणजे नंतर! चौघींनी उलटं सांगितलं, तेही धाडकन! मॅडम म्हणाल्या, चौघींची चूक एकच कशी? पेशंटला असं सांगणार का? तीनला परत बोलावलंय. तेव्हा चुकलो तर नापास.”

“वहीतच चूक असंल.”

तिनं वही उघडून माझ्या नाकापुढे धरली. “वहीत बरोबर आहे. वाचा ना!”

मी घसा खाकरला. चष्मा पुसला. पाणी मागितलं. चौघी हलेनात.

“मला नाय येत इंग्रजी,” मी म्हणालो. सत्तर वर्षांत एवढं हळू मी कधी बोललो नव्हतो.

कोमलच्या डोळ्यांत टचकन पाणी. “आधी सांगायचं ना, आबा!”

सुनेनं कोमलच्या हातून वही घेतली. बारावी शिकलेली ती. ओट्यापाशी उभ्या उभ्या अर्ध्या तासात तिनं चौघींचं पहिल्यापासून सगळं घोटून घेतलं, आणि मी तोवर अंगणात फेऱ्या.

संध्याकाळी पेढे आले. चौघी पास! मी ‘सुटलो बाबा’ म्हणून पेढा तोंडात टाकला, तेवढ्यात प्रियंका म्हणाली,

“आबा, रागवू नका. वहीच्या पुठ्ठ्यावर मोर आहे ना, तो मला पहिल्या दिवसापासून खाली डोकं वर पाय दिसायचा.”

“मग बोलली का नाहीस, भवाने?”

“मला वाटलं, तुम्हाला सगळं पाठ आहे. वही नुसती आम्हाला धाक म्हणून धरलीय!”