भीमाबाईंचं बिस्किटांचं घर

तर ट्रक सुटला आणि भीमाबाई घर मांडीवर घेऊन बसल्या. खरं घर नव्हे, बिस्किटांचं. काल जे मधूनच उठून गेले त्यांच्यासाठी एवढं परत सांगायला हवं, की हे घर म्हणजे भीमाबाईंच्या लेकीच्या, नीलाच्या लग्नातलं रुखवत. साल पंच्याहत्तर, उन्हाळ्याचे दिवस. लग्न पिंपरीला, मुलाकडं, कंपनीच्या वसाहतीत. आणि नवरीकडचं वऱ्हाड कुरुळीहून निघालेलं कांद्याच्या ट्रकमधून. चाकणच्या बाजारातला माल पुण्याला नेणारा ट्रक, ड्रायव्हर नवरीच्या बापाच्या, जयसिंगच्या ओळखीचा. पुढच्या अंगाला गोण्यांची थप्पी, मागं माणसं, आणि थप्पीला लागूनच भीमाबाई, मांडीवर पाट, पाटावर ते घर.

जयसिंगला एकच काम दिलेलं होतं. थप्पीला पाठ लावून बसायचं आणि वरची गोणी सरकू द्यायची नाही. "काय बी झालं तरी उठू नका," असं भीमाबाईंनी चढतानाच बजावलं होतं. कारण त्या घरावर नुसता पाक ओतलेला नव्हता, त्यांचा शब्द ओतलेला होता.

तो शब्द गेला होता लग्न ठरवायच्या बैठकीत. मुलगा विलास चांगला, कंपनीत कायम झालेला, घरात शांत. पण त्याची आई अंबूबाई म्हणजे वसाहतीत पहिली राहायला आलेली बाई; नळाच्या पाण्याचा तोरा होता त्यांना. चहा चालू असताना त्या म्हणाल्या, "रुखवताचं तुम्ही मनावर घेऊ नका विहीणबाई. खेड्यात कुठं काय मिळतं? आम्ही इथल्या बेकरीतनं केक-बिस्किटं आणून मांडू. आमच्या वसाहतीतल्या बायका बघायला येणार, नावं ठेवायला जागा नको."

भीमाबाईंनी कपबशी खाली ठेवली. "रुखवत माझ्या हातचं आसंल. त्यात बाजारचं एक जरी बिस्कीट निघालं तर लेकीच्या लग्नात मी पंगतीला बसणार न्हाई."

भर बैठकीत म्हणाल्या. जयसिंगला चहाचा ठसका लागला, पण छातीही फुगली. बायको काय चीज आहे ते त्याला ठाऊक होतं.

भीमाबाई देहूरोडच्या. लहानपणी तिथल्या एका भट्टीवर पाव बांधायला जायच्या, आणि पाव बांधता बांधता डोळे भट्टीकडं. लग्न होऊन कुरुळीला आल्या त्या दुसऱ्याच वर्षी अंगणात मातीचा ओटा घातला, त्यात तेलाचा पत्र्याचा डबा आडवा बसवला. खाली निखारे, वर निखारे, तोंडाला फुटक्या घमेल्याचं झाकण. वस्तीनं आधी हसून घेतलं. जयसिंगचा चुलतभाऊ कोंडाजी म्हणाला, "वहिनी, त्यात कोंबडी बसवा, अंडी तरी उबतील."

"बसवली आसती भावजी," भीमाबाई म्हणाल्या, "पण तुमी आदी आत शिरून बसाल."

संध्याकाळी पहिली नानकटाई निघाली तेव्हा सगळ्यांच्या पुढं हात पसरून कोण उभा होता ते सांगायला नको.

त्या दिवसापासून कुरुळीच्या वस्तीत सण म्हटला की भीमाबाईंचा धूर दिसायचा. बुद्धपौर्णिमेला खीर सगळ्यांकडं, पण केक एकाच दारात. चौदा एप्रिलला मिरवणूक संपली की सारी पोरं त्यांच्या अंगणात रांग लावायची. केक कापायला त्या सुरी घेत नसत. शिवणाचा दोरा ताणून धरायचा आणि सरळ खाली ओढायचा. साबणाच्या वड्यांसारखे काप पडायचे, एक चूर वाया जायचा नाही. बाकी हात कधी रिकामा नाही. वायरच्या पिशव्या, क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणं. जयसिंग भोसरीच्या कंपनीत फिटर; सायकलवर ज्या पिशवीतून तो डबा न्यायचा, ती पिशवी बघून शेडमधल्या निम्म्या लोकांनी तशी मागून घेतली होती.

तर बैठकीहून घरी आल्यावर भीमाबाईंनी गूळ, कणीक आणि तुपाचं पीठ मळलं आणि विटा पाडल्या. काडेपेटीएवढ्या, खरपूस, दगडासारख्या कडक. साखरेचा दाट पाक म्हणजे सिमेंट. शंकरपाळ्यांची कौलं, चकलीची कडी, खिडकीला क्रोशाचा पडदा. अंगणात हिरव्या लोकरीच्या पानांचा पिंपळ. दारात कापडाच्या दोन बाहुल्या, नवरा-नवरी. वस्तीतल्या बायका बघून जायच्या आणि पुन्हा यायच्या. जयसिंग रात्रपाळी करून आला की झोपायच्या आधी एकदा त्या घरापुढं उकिडवा बसायचा.

आणि आता तेच घर ट्रकमध्ये. इंद्रायणीचा पूल गेला, मोशी गेली, काही झालं नाही. भोसरी आली. रस्त्याच्या कडेला कंपन्यांच्या शेड दिसू लागल्या, तशी जयसिंगची चुळबुळ सुरू झाली. त्याची ही खोडच. एसटीत अनोळखी माणूस शेजारी असला तरी त्याला आपली शेड दाखवल्याशिवाय जयसिंगला राहवत नसे. आणि नेमकं त्याच वेळी त्याची म्हातारी आत्या, जाईबाई, हिनं विचारलं, "जयसिंगा, तुजी कंपनी कंची रं?"

झालं. गडी उठून उभा राहिला. "ती बघ आत्या, निळ्या पत्र्याची. तिसऱ्या खिडकीला माझं मशीन."

पुढं पाइपासाठी रस्ता खोदलेला होता. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. वरची गोणी सरकली आणि आली ती थेट पाटावर. मोठा आवाज काही झाला नाही. खारी चावल्यावर होतो तेवढाच.

जयसिंग उभा तो तसाच. नीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. भीमाबाईंनी गोणी बाजूला सारली, पदरानं पाट झाकला आणि म्हणाल्या, "जाईआत्या, कंपनी नीट बघितली न्हवं? लई महागात पडली."

मग पिंपरीपर्यंत जयसिंगनं ती गोणी दोन्ही हातांनी दाबून धरली.

वसाहतीच्या हॉलला लागून एक खोली रुखवतासाठी दिलेली होती. पाट खाली ठेवला, पदर काढला. कौलांचा भुगा, भिंती आडव्या, पिंपळ तेवढा शाबूत. जयसिंग हळू आवाजात म्हणाला, "अगं, चूक माझी हाय. नाक्यावर बेकरी हाय. मी पळत जाऊन एक केक आणतो, कुणाला कळायचं न्हाई."

"आन मी पंगतीला बसू नको?"

भीमाबाई विटा चाचपू लागल्या. घर पडलं होतं, पण विटा बऱ्याचशा अख्ख्या होत्या. पाक सुटला होता, वीट फुटली नव्हती. मग त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. समोर वसाहतीच्या नव्या खोल्यांचं काम चालू होतं. विटांचे ढीग, वाळू, गवंडी, घमेलं घेऊन चढणाऱ्या बाया. एक गवंडी दोरीला वजन बांधून, ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का बघत होता.

"अवो," त्या वळून म्हणाल्या, "तुमच्या खिशात काय नटबिट हाय का?"

खिशात एक वायसर निघाला, भोकाची लोखंडी चकती; फिटरच्या खिशात निघायचाच.

"द्या इकडं. आन भाईर दारात बसा. कुणाला आत सोडू नका. आन ह्या खेपेला उठू नका."

जयसिंग उंबऱ्यावर बसला. आत काय चाललंय ते कळेना. बांगड्यांचा आवाज तेवढा येत होता. हॉलमध्ये पांढऱ्या साड्या जमू लागल्या, बुद्धवंदनेची तयारी झाली, दोन बायका रुखवत बघायला आल्या, त्यांना त्यानं परत पाठवलं. घामानं सदरा भिजला त्याचा. इतक्या वर्षांत बायकोला कुणापुढं खाली बघावं लागलं नव्हतं, आणि आज लागलं तर ते त्याच्यामुळं.

"सोडा आता," आतून आवाज आला.

दार उघडलं आणि सगळ्यात आधी त्यानंच बघितलं. पाटावर घराचं काम चालू होतं. जोतं पुरं, भिंती कमरेइतक्या वर आलेल्या. एका बाजूला विटांची चळत, दुसऱ्या बाजूला कौलांची रास, भुग्याचा वाळूसारखा ढीग. नवरीच्या बाहुलीला कासोटा मारलेला, हातात थापी म्हणून आइस्क्रीमची काडी. नवऱ्याच्या डोक्यावर बाटलीच्या बुचाचं घमेलं. आणि भिंतीला ओळंबा लावलेला, शिवणाच्या दोऱ्याला तो वायसर. पिंपळाच्या सावलीत पाण्याचा इवला माठ. पुढं कुरुळी-चिंबळीच्या बाजूला कितीतरी लग्नांत मुद्दाम असं अर्धंच घर मांडायची चाल पडली आणि भीमाबाईंना ते मांडायला मानानं न्यायचे, त्याचं मूळ हे.

वसाहतीच्या बायका आत आल्या, वाकून बघू लागल्या. एकीला बुचाचं घमेलं दिसलं, ती हसली, तिनं दुसरीला दाखवलं. बघता बघता खोली भरली. कुणी म्हणालं, "हे तर आपल्या समोरचंच काम." दारातून वाट काढत अंबूबाई आल्या. त्यांनी चळतीतली एक वीट उचलली, उलटीपालटी करून बघितली, दाताखाली धरली. कट्‌कन मोडली. चावताना त्यांचा चेहरा बदलत गेला.

"बेकरी कुठली?" त्यांनी विचारलं.

"कुरुळीची," जयसिंग दारातून म्हणाला. बसूनच.

अंबूबाईंनी उरलेली वीट तोंडात टाकली. चव मान्य होती, हे सगळ्यांनी बघितलं. पण इतक्या बायकांपुढं मुलाच्या आईनं काहीच बोलू नये, असं कसं चालेल? त्या म्हणाल्या, "सगळं झकास आहे विहीणबाई, पण घर अर्धवटच का? पुरं करायला सवड नाही झाली वाटतं."

जयसिंगनं मान खाली घातली. भीमाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, नवऱ्या बाहुल्याच्या डोक्यावरचं घमेलं नीट बसवलं आणि म्हणाल्या,

"पुरं घर आयतं दिलं आसतं ईनबाई, तर ही दोघं त्यात नुसती पाहुण्यावानी राहिली आसती. विटा मी भाजून दिल्यात, त्यात कच्ची एक न्हाई. भिंत त्यांची त्यांनी वर न्यावी. आन कधी वीट कमी पडली तर निरोप धाडा, माझी भट्टी हाय कुरुळीला."