गुणाजी सुताराचा गाडा

कल्याणच्या सुतारांत गुणाजीइतका चोख माणूस मी पाहिला नाही, आणि त्याच्याइतका हट्टीही. साधा जेवायचा पाट करून घ्यायचा तरी तीन आठवडे थांबावं लागे. घाई केली की म्हणायचा, "मग बाजारातनं घ्या ना, मास्तर." बाजारातला पाट वर्षाच्या आत डुगडुगायला लागे, म्हणून आम्ही मुकाट्यानं थांबायचो.

त्याची बायको लवकर गेली. एकुलती मुलगी शेवंती त्यानं एकट्यानं वाढवली. रंध्यानं सोललेल्या त्या राठ बोटांनी रोज सकाळी तिच्या वेण्या घालायचा, आणि त्या वाकड्या आल्या की पुन्हा सोडून घालायचा. पुढे तिला खडवलीच्या मारुती सुताराला दिली. त्यांच्यात सुताराची मुलगी सुताराच्याच घरात जाते. "पोराच्या हातात कसब आहे," एवढं तो जावयाबद्दल म्हणाला होता. गुणाजीच्या तोंडून ही फार मोठी स्तुती.

मग बावन्न साली फिकी आली. या साथीत ताप नव्हता, गाठ नव्हती. माणसाची सावली फिकी पडायला लागायची, बस्स. ताकात पाणी घालत जावं तशी ती रोज पातळ होत जाई, आणि ज्या दिवशी भर उन्हात उभं राहूनही जमिनीवर काही पडेना, त्या दिवशी संध्याकाळच्या आत माणूस संपे. ठाण्याहून डॉक्टर आले, सुया टोचून गेले. आम्ही रोज उठल्याउठल्या पोराबाळांना चुन्याच्या भिंतीपुढे उभं करायचो. आभाळ आलं की बायका रडायला लागायच्या, कारण त्या दिवशी कुणाचं काय झालंय ते कळायला मार्ग नसे. आमच्या आळीत पंधरा दिवसांत अकरा माणसं गेली. एका सोमवारी माझ्या बायकोच्या, उत्तराच्या सावलीच्या कडा विरलेल्या दिसल्या. तिनंही पाहिलं. मी आत जाऊन देवासमोर बसलो आणि एक स्तोत्र धड आठवेना.

अशा वेळी शिकलेली माणसं काय करतात? बाकीचे करतात तेच. दर गणेशोत्सवात अंधश्रद्धेवर तासभर बोलणारे गुरुदत्त वकीलच पहिल्यांदा म्हणाले, "गाडा काढू या." आमच्यातलं कुणी हसलं नाही.

आईचा, म्हणजे साथीच्या देवीचा गाडा, हातानं ओढायचा छोटा लाकडी गाडा. त्यात तिची मूर्ती, हिरवं लुगडं आणि नैवेद्य ठेवून तो वेशीबाहेर नेऊन सोडायचा. पुढच्या गावानं तो लगबगीनं आपल्या दुसऱ्या वेशीपार करायचा, त्यापुढच्यांनीही तेच. गाडा जिथे अडेल तिथे साथ मुक्कामाला राहणार. आणखी एक नियम होता. करणाऱ्या सुतारानं लाकडावरच्या पहिल्या घावापासून गाडा वेशीबाहेर पडेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. बोलला की गाडा बाटला, आणि आई गावातच राहिली.

गाडा गुणाजीनंच करायचा हे ठरवायलासुद्धा लागलं नाही. भिवंडीच्या रस्त्यानं धाडायचा असं आधी ठरलं होतं. त्यानं लाकडावर वाकस चालवायला घेतला आणि त्याच दुपारी बातमी आली की त्या बाजूच्या गावांनी वेशीवर काठ्या घेऊन माणसं बसवली आहेत. मग वकिलांच्या ओटीवर पुन्हा बैठक झाली. कसाऱ्याच्या अंगाला धाडू, असं सुचवणारा मी होतो. उत्तराच्या हाती एक दिवसही नव्हता.

गुणाजीला सांगायलाही मीच गेलो. "गाडा आता टिटवाळा, खडवली असा जाणार रे," मी म्हणालो. त्याचा हात थांबला. माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, उपाशीपोटी काम करून दमला असेल. खरं सांगायचं तर मला तेव्हा शेवंती आठवलीच नाही. आपल्या घरात माणूस मरायला टेकलं की दुसऱ्याची मुलगी आठवत नाही.

पुढचं मला नंतर कळलं, पण इथंच सांगून टाकतो. तो बोलू शकत नव्हता. बोलला असता तर अख्खं कल्याण बुडालं असतं. त्यानं दोन चाकं जोडणारा आख काढला, मधोमध अर्ध्यापर्यंत करवत घातली, ती खाच मेण आणि भुशानं बुजवली आणि वरून शेंदूर फासला. जन्मभर ज्यानं एक कच्चा सांधा केला नाही, त्यानं हिशेबानं कच्चा आख केला. आठ मैल टिकेल, तेरा टिकणार नाही. खडवली तेरा मैलांवर होती.

मंगळवारी गाडा निघाला. ढोल वाजले, वकील अनवाणी पुढे चालले. बुधवारी सकाळी उत्तराची सावली भिंतीवर उमटली, चांगली दाट. मी त्या भिंतीला धरून रडलो. आठवड्याभरात कल्याणातून फिकी गेली.

गाडा टिटवाळ्याच्या अलीकडे एका वाडीत मोडला. बरोबर आठव्या मैलाला. त्या वाडीत किती माणसं गेली ते आम्ही कुणी विचारायला गेलो नाही. गुणाजीवर मी रागावू तरी कुठल्या तोंडानं? मी तर नकाशावर बोट ठेवून रस्ता दाखवला होता.

आणि दहाव्या दिवशी खडवलीहून निरोप आला, की शेवंती गेली.

तेराव्यानंतर मारुती सासऱ्याला भेटायला आला, तेव्हा मी तिथंच होतो. गुणाजी भिंतीला टेकून बसला होता. मारुती गुडघ्यात मान घालून म्हणाला, "मामा, वाडीवाल्यांनी माणूस धाडलेला. जवळचा सुतार मीच ना! म्हणाले, गाडा मोडलाय, ताबडतोब ये. मी नाय म्हणालेलो. त्या गाड्याला हात कोण लावील? पण शेवंती ऐकेना. म्हणाली, कल्याणचा गाडा म्हणजे माझ्या बाबांच्या हातचा. बाबांचं काम मोडलं असं चार गावांत होईल. तुम्ही जा नि नीट करून या."

गुणाजीनं विचारलं, "तिनंच धाडलं?"

"तिनंच. मी खैराचा नवा आख घातला, गाडा पुढं काढून दिला. घरी आलो. मला काय झालं नाय, मामा. तिलाच झालं." मग तो म्हणाला, "जुना आख मी वाडीतच जाळला. कुणाला दावला नाय. लाकडाला किडीनं खाल्लेलं असंल, तुमचा काय दोष!"

गुणाजीनं उठून त्याला पाणी दिलं.

मारुती स्टेशनाकडे गेल्यावर गुणाजीनं मला सगळं सांगितलं आणि विचारलं, "मास्तर, पोराला खरं सांगू का?"

मी म्हणालो, "नको."

चार वर्षांनी गुणाजी गेला. मारुती अजून कधी कल्याणला आला की घरी येतो, उत्तराच्या हातचा चहा घेतो, आणि सासऱ्यासारखा कारागीर पुन्हा होणार नाही म्हणून सांगत बसतो. आम्ही दोघं ऐकून घेतो.