पाठीखालचे हात

तलावावर पोहायला शिकवून घरी आले, तर भाची सायली मोबाइल घेऊन बसलेली. "मावशी, तुझं नाव शोधलं की तू दिसायला हवीस. हल्ली लोक आधी इंटरनेटवरच बघतात." आम्ही शोधलं. माझ्या नावाची एक दंतवैद्य निघाली, एक वकीलही. मी कुठेच नव्हते.

शेवटी तलावाच्या एका बातमीत फोटो सापडला. पाण्यावर उताणी झालेली एक बाई आणि तिच्या पाठीखाली माझे हात. खाली लिहिलं होतं, 'पोहायला शिकताना एक महिला'.

"तुझं नावच नाही घातलं!" सायली हिरमुसली. मी मात्र त्या बाईचा चेहरा पाहत राहिले. मिटलेले डोळे, सैल झालेलं कपाळ. पाठीखाली कुणाचा तरी हात आहे एवढं कळलं, की पाण्यातलं माणूस नाव विचारत नाही. म्हणूनच मलाही कधी त्याची उणीव भासली नसावी.

तरी सायलीचा हट्ट मोडवेना. तिने माझं पान तयार केलं, तोच फोटो लावला आणि खाली माझं नाव घातलं. संध्याकाळी एका अनोळखी मुलीचा निरोप आला, "मला पाण्याची फार भीती वाटते. येऊ का?"

"काय लिहू, मावशी?"

"लिही, भीती घेऊनच ये."