चौदा पायल्यांची पेटी

सासर सोडून निपाणीला माहेरी परत आले तेव्हा मी विशीतही नव्हते. का आले ते सांगत बसणार नाही. तेव्हाही कुणाला सांगितलं नव्हतं. माझे वडील, आप्पा, सुतार होते. त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता, छिन्नी धरली की टोक थरथरायचं. म्हणून मागच्या खोलीत दार लोटून मी रंधा मारायला लागले. लहानपणापासून बघून बघून हात बसलाच होता. कापायचं, तासायचं, सांधे जुळवायचे मी, आणि पडवीत बसून गिऱ्हाइकाची शाबासकी घ्यायची आप्पांनी. "बाईनं केल्यालं लाकूड कोण घेणार न्हाय," असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षं मी ते ऐकून घेतलं. पटलं कधीच नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. बोरगावच्या रस्त्याला वखार असलेल्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं बॅटरीवर चालणारा रेडिओ आणला होता. वखारीच्या ओट्यावर बसणाऱ्यांनाही बातम्या ऐकू याव्यात म्हणून त्यानं बेळगावहून एक सुटा स्पीकर मागवला. कागदाचा शंकू आणि त्याच्या पाठीला लोहचुंबक, बस्स. तसाच उघडा लावला तर आवाज नुसता किरकिरायचा. दुकानदारानं निरोप दिला होता की पेटी करून घ्या. केवढी करा, ते त्यालाही ठाऊक नसावं.

आप्पांनी माप काढलं ते आय, म्हणजे शुभ बाकी, बघून. उंबरा असो की देव्हारा, आमच्याकडे लांबी-रुंदी बोटांत मोजायची, एकमेकांनी गुणायची आणि आठानं भागायचं. बाकी विषम उरली तर शुभ. सम उरली तर एखादं बोट वाढवायचं किंवा कमी करायचं. स्पीकरच्या पेटीलाही त्यांनी तोच हिशेब लावला. बाकी एक उरली, आप्पा खूश. देव्हाऱ्याएवढी ती पेटी मी जीव लावून केली आणि आठवड्याच्या आत ती परत आली. व्यापारी आमच्या पडवीत उभा राहून म्हणाला, "मिस्त्री, ह्यो माणूस नाक दाबून बातम्या सांगतोय. आनि एकदा बघा. न्हाय जमलं तर मी बेळगावातनं करून आणतो."

"दोन बोटं वाढवू, बाकी तीन येतीया," आप्पा म्हणाले.

"आप्पा, आवाजाला बाकी कळत न्हाय."

"तुझं शाणपण तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

नाही राहू दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चहाचं एक मोठं रिकामं खोकं डोक्यावर घेतलं, त्याला पुढून स्पीकरच्या मापाचं गोल भोक पाडलेलं होतं, आणि थेट वखारीला लागून असलेलं व्यापाऱ्याचं घर गाठलं. तो चिकोडीला गेला होता. त्याच्या बायकोला सांगितलं, "आक्का, आप्पांनी पाठवलंय." धडधडीत खोटं. मी स्पीकर खोक्यात बसवला, तिनं रेडिओ लावून दिला.

त्या खोक्यात माणूस रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा वाटला. म्हणजे आतली जागा जास्त झाली. मग विटा आणल्या. वाजू नयेत म्हणून एकेक वीट गोणपाटात गुंडाळून आत ठेवायची, मागची फळी स्क्रूनं घट्ट आवळायची आणि ओट्यावर जाऊन ऐकायचं. पुन्हा फळी काढायची, पुन्हा वीट. आक्का हसून हसून बेजार. "विटा खाऊन बोलतंय व्हय गं ते?" आठव्या विटेला शब्द सुटे झाले. अकराव्या विटेला एक बाई गात होती, तिचा खालचा सूर भरून आला आणि शब्दही मोकळे राहिले. बाराव्या विटेला पुन्हा नाक दाबलं. मी बारावी काढून टाकली.

आता ही रिकामी जागा मोजायची कशी? स्पीकर काढला, भोक जमिनीकडे करून खोकं आडवं केलं आणि अकरा विटा आतच ठेवून आक्काच्या कणगीतला जोंधळा पायलीच्या मापानं आत ओतला. काठोकाठ भरायला चौदा पायल्या लागल्या. म्हणजे चौदा पायल्या पोटाची पेटी हवी, आकार मग कसाही असो. सांडलेले दाणे आम्ही दोघींनी वेचले.

घरी येऊन कुठं गेले, काय केलं ते खरं सांगितलं. आप्पा भडकले, मग एवढंच म्हणाले, "आनि आय?"

"बाहेरनं तुमचा आय बसवा, आतनं माझा जोंधळा. मधली फळी किती जाड घ्यायची ते मी बघते."

त्यांनी पानाचा डबा पुढं ओढला. ती परवानगीच समजून मी सागाच्या जाड फळ्या काढल्या आणि चार दिवसांत पेटी केली.

पेटी लावली त्या संध्याकाळी ओट्यावर बसायला जागा नव्हती. बातम्या सुरू झाल्या आणि रस्त्यापलीकडचा माणूसही मान हलवायला लागला. व्यापाऱ्यानं आप्पांच्या पाठीवर थाप मारली. "हात गेला न्हाय अजून तुमचा, मिस्त्री!" आप्पा हसले. नुसते हसले नाहीत, वर म्हणाले, "जुना हात हाय, अण्णा."

खांबाआड बायकांत उभी होते मी. अंगाचा तिळपापड झाला.

"आप्पा," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पेटीत जोंधळा किती मावतोय?"

माना वळल्या. मी का विचारतेय ते आप्पांना कळलं होतं. आकडा मात्र त्यांना ठाऊक नव्हता. कधी विचारलाच नव्हता. त्यांनी थरथरता हात उपरण्याखाली घेतला. व्यापारी एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. बातम्या चालूच होत्या, पण त्या कुणी ऐकत नव्हतं.

"तिला इचारा," आप्पा शेवटी म्हणाले. "तिनं केलीया."

"चौदा पायल्या," मी सांगितलं.

परतताना ते दहा पावलं पुढं चालत राहिले, एकदाही मागं बघितलं नाही. "तिला इचारा" म्हणताना झाला तेवढा बारीक त्यांचा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मला रडू आलं, रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असं मी रडले. पण माफी मागितली नाही. दोन वर्षं मला दाराआड ठेवलं, त्याची त्यांनी कुठं मागितली होती? त्यांचा तो चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. तरी तोच ओटा आणि तीच माणसं पुन्हा समोर आली तर मी पुन्हा विचारीन, आणि तेवढ्याच मोठ्यानं.