चौदाव्या होलवरची येळवस

लातूरजवळच्या ज्या गोल्फ कोर्सवर आता मोठ्या स्पर्धा होतात, त्याच्या माहितीपत्रकात छापलंय की तो ‘ओसाड माळरानावर’ उभा राहिला. हे वाचलं की माझं डोकं फिरतं. पहिल्या दिवसापासून मी त्या कामावर साइट इंजिनिअर होते. तिथं तूर होती, हरभरा होता, ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेलेली होती. ओसाड म्हणावं असं तिथं एकच होतं, आमचं पत्र्याचं ऑफिस.

मी मुदखेडची. वडील रेल्वेत होते. गोल्फ मी टीव्हीवरही कधी धड बघितला नव्हता. आराखडा पुण्याच्या एका वयस्कर डिझायनरांचा होता, त्यांना आम्ही सर म्हणायचो. माणूस कामात चोख, पण नाकावर राग. जमीन सपाट करायची नाही, हे त्यांनी आल्या आल्या बजावलं. शेतांचे बांध तसेच ठेवून त्यांच्यावर गवत लावलं, त्यामुळे चेंडूला आयतेच चढउतार मिळाले. ओढा वळवला नाही, खेळाची वाटच ओढ्यावरून नेली. विहीर रुंद करून तिचं तळं केलं. पाणी कुठून आणणार, हे जो तो विचारायचा. ज्या शहराला एकदा रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं ते विचारायलाच हवं होतं. शेवटी शहराचं सांडपाणी शुद्ध करून वापरायचं ठरलं. वारा फिरला की खेळाडूंना अजूनही त्याचा पत्ता लागतो.

चौदावं होल सरांचं लाडकं. एका जुन्या लिंबाखाली ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ, आणि तिला लागूनच वाळूचा मोठा खड्डा, बंकर. हे रान जिचं होतं ती मावशी आता तिथंच गवत कापायच्या कामावर होती. भावकीनं विकायचं ठरवलं, तिनं सही केली. आपल्याच रानात ती रोज हजेरी लावायला यायची. तिला काय वाटत होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसायचं नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एक दिवस ती मला म्हणाली, “ताई, येळवशीला पांडव कुठं बसवावं औंदा?”

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आम्ही बौद्ध, आमच्या घरी हे काहीच नव्हतं, म्हणून तिनंच समजावून सांगितलं. त्या दिवशी घराला कुलूप लावून सगळे रानात जातात. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपटी, उभी करतात, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडतात, तेच पांडव. पूजा झाली की भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. पांडवांची जागा ठरलेली असते. मावशीची लिंबाखालची होती, म्हणजे आता ग्रीनच्या मधोमध.

“रान इकलं मावशी, मग आता कसले पांडव?” मी म्हणाले. तिच्यावर माझा जरा रागच होता, सही केल्याचा.

“रान इकलं, येळवस न्हाई इकली,” ती म्हणाली. “सासूनं दावलेली जागा हाय. हितं न्हाई बसवलं तर मी कुठं बसवू?”

मी सरांना विचारलं. झाड राहील, दगड चालणार नाहीत, असं ते म्हणाले.

पुढे कोर्स स्पर्धेच्या तोडीचा आहे की नाही हे बघायला दोन परीक्षक येणार होते. तारीख सरांनी पुण्यात बसून ठरवली आणि नेमकी येळवस गाठली. तो दिवस उजाडेपर्यंत ते माझ्याही लक्षात आलं नाही. सकाळी लातुरात चिटपाखरू नाही, चहाची टपरीसुद्धा बंद. कामावर एकही माणूस आला नव्हता. “संप आहे का?” सर ओरडले. मी सांगितलं, तर म्हणाले, “अमावास्येला कोण जेवायला जातं?”

तेराव्या होलपर्यंत सगळं सुरळीत झालं. चौदाव्याला पोचलो आणि लिंबाजवळ कोप दिसली. सरांचा चेहरा पांढरा पडला. जवळ गेल्यावर कळलं, कोप ग्रीनवर नव्हती, बंकरमध्ये होती. मावशी, तिचा मुलगा, सून, शेजारपाजारचे, सगळे वाळूत बसलेले. चपला गवताच्या बाहेर काढून ठेवलेल्या.

“ग्रीन मोकळं सोडलंत?” एका परीक्षकांनी विचारलं.

“ते गवत मीच कापते. त्याच्यावर बूड टेकवून कोण बसंल?” मावशी म्हणाली. “पांडवांला म्हणलं, सरका जरा. त्यांला वनवासाची सवय हाय.”

परीक्षक हसले आणि वाळूत मांडी घालून जेवले. सरांनी आंबील दोनदा मागून घेतली. मी पांडवांना हात जोडले नाहीत, मावशीनंही ते मनावर घेतलं नाही. उंडे मात्र मी भरपूर खाल्ले. खेळाच्या आड येणारी अशी सुटी वस्तू उचलून बाजूला ठेवता येते, त्याचा दंड पडत नाही, असं परीक्षकांनी सांगितलं. कोर्स पास झाला.

मग क्लब सुरू झाला. गवताचं काम मशीनवाल्या ठेकेदाराकडं गेलं आणि मावशीची हजेरी संपली. मी देखभालीला राहिले.

पुढच्या येळवशीला सकाळी मी फाटकापाशी आले, तर मावशी डोक्यावर टोपलं घेऊन उभी, मागे सून कडब्याची पेंढी घेऊन. नवा रखवालदार हदगावकडचा. त्याला येळवस ठाऊक नव्हती.

“कोणाकडं आलात? मेंबरचं नाव सांगा,” तो विचारत होता. मावशी खाली बघत होती.

“माझ्याकडं आल्यात,” मी म्हणाले. “माझ्या पाहुण्या हायत.”

फाटक उघडलं. आमच्या घराण्यात आजवर कुणाच्या नावावर गुंठाभर रान झालं नाही, आणि ही माझी पाहुणी म्हणून आत येत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रखवालदार नवा आहे, असं काहीतरी मी पुटपुटले.

“त्यानं खरं तेच इचारलं की,” मावशी म्हणाली.

तिनं बंकरमध्ये पांडव मांडले, पूजा केली. येळवशीला ज्यांचं रान ते सगळ्यांना वाढतात आणि शेवटी जेवतात. मी ताट घेऊन बसणार, तर मावशीनं पळी माझ्या हातात दिली.

“आज तुम्ही वाढा, ताई,” ती म्हणाली. “मी पाहुणी.”

आणि ती जेवायला बसली.