साहेबांची दाढी

रेणापूरजवळच्या आमच्या शेतात माझ्या मधमाश्यांच्या सहा पेट्या आहेत. त्यांतली बांधाकडची सगळ्यांत जोमाची. करडई फुलली की तिच्यात इतकी गर्दी होते, की जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन नवं घर शोधायला निघते. तो घोळका वेळेवर पकडला नाही, तर अर्धी पेटी गेलीच म्हणायची. म्हणून एक रिकामी पेटी कायम तयार ठेवावी, असा नियम आहे. मी तो पाळतो. फक्त त्या सकाळी ती पेटी सुतारचाचांकडे होती.

घोळका उडाला. मी जाळी तोंडावर ओढून, मान वर करून मागे धावलो. गावात नव्या सभामंडपाचं उद्घाटन होतं आणि रस्त्यावर कमान उभी होती. कमानीवर साहेबांचा भला मोठा फ्लेक्स, त्याखाली शुभेच्छुकांचे वजनानुसार लहान होत गेलेले चेहरे. माश्यांनी एक फेरी मारून सगळ्यांना पाहिलं आणि थेट साहेबांच्या हनुवटीखालच्या आडव्या बांबूला लटकल्या.

"गुरुजी, साहेबाला दाढी आली की!" मला पाहून कुणीतरी ओरडलं.

सरपंचांना विनोद परवडणारा नव्हता. "साहेब यायलेत. टेंभा पेटवा रे!"

काठीला तेलाची चिंधी गुंडाळून पेटवायची, हा आमच्याकडे मोहोळावरचा एकमेव उपाय. मी हात जोडले. "जाळू नका. माझी अर्धी पेटी जाईल. घर सोडताना या पोट भरून निघत्यात, चावत न्हाईत."

"मग तुमी जाळी कामून घातली?"

प्रश्न रास्त होता. टेंभा पेटला. एक गडी तो घेऊन शिडीवर चढला आणि मध्येच थांबला. "सरपंच, साहेबाचं तोंड पोळंल की."

जिवंत माश्या जाळायला कुणाची हरकत नव्हती, पण छापील साहेबांना धग लागलेली चालणार नव्हती. काठीने पाडायचं ठरलं, तर साहेबांच्या तोंडावर काठी उगारणार कोण? जन्मभर मी फ्लेक्सला नावं ठेवली. त्या दिवशी सगळी परत घेतली.

तेवढ्यात सुतारचाचा सायकलवर माझी पेटी बांधून आले. झाकण उघडलं तर ऑइलपेंटचा भपकारा.

"आतून भी रंग मारलाय, गुरुजी. त्यांनी काय अंधारातच दिवस काढायचे का?"

रंग झकास होता. त्या वासात माशी क्षणभर टिकली नसती. मी व्यासपीठाजवळचा खोका उचलला.

"अन् त्यातले फेटे?" सरपंच.

"खुर्चीवर ठेवा."

खोक्याला आतून जुनं मेण चोळलं, शिडीवर चढून माश्यांवर पाणी शिंपडलं, खोका खाली धरला आणि बांबूला एकच हिसका दिला. दाढी अलगद खोक्यात पडली. राणी आत असली की उरलेल्या आपण होऊन येतात, फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो. तो साहेबांनी दिला. ते नेहमीप्रमाणे जेवणवेळ टळल्यावर आले. तोवर शेवटची माशीसुद्धा आत गेली होती.

फेटा बांधून घेताना साहेबांचं माझ्या काखेतल्या खोक्याकडे लक्ष गेलं. "काय आहे त्यात?"

"मधाचं हाय, साहेब," सरपंच घाईत बोलून गेले.

"अरे वा!" साहेबांनी मोठ्या मनाने दोन्ही हात पुढे केले.

सरपंचांचा चेहरा उतरला. "अजून कच्चं हाय, साहेब," म्हणत मी खोका छातीशी धरला आणि गर्दीतून वाट काढली. त्या दिवशी मला वाट मिळायला अजिबात त्रास झाला नाही.

संध्याकाळपर्यंत चाचांनी पेटीचा आतला रंग रंध्याने तासून काढला. माझ्या माश्यांना सौंदर्याची जाण नाही, हे मला त्यांनी तीनदा ऐकवलं. घोळका त्या पेटीत राहिला. आता माझ्या सात पेट्या आहेत.

कार्यक्रमानंतर तो फ्लेक्स मी मागून आणला. कुणी कडब्यावर टाकतं, मी सातव्या पेटीवर उन्हाला आडोसा म्हणून बांधला. साहेबांची हनुवटी बरोबर पेटीच्या दारावर येते. उन्हाळ्यात संध्याकाळी माश्या गार हवेला दाराशी लटकतात, तेव्हा साहेबांना पुन्हा दाढी येते.